दुकानातली जुनी गाण्याची मशीन: शोधण्यापासून पुन्हा वाजवण्यापर्यंत

वणी, दारव्हा, मोर्शी, उमरखेड, हिंगणघाट, तालुक्याचं कोणतंही गाव घ्या. तिथल्या जुन्या कापड दुकानात शिरलात की एकदा छताकडे पाहा. कोपऱ्यात लांबट डबा दिसेल, समोर जाळी, आणि त्यातून निघालेली दोन तारांची वायर लाकडी पट्टीवरून गल्ल्यापर्यंत आलेली. गल्ल्याखाली किंवा माळ्यावर त्या वायरचं दुसरं टोक असतं: ॲम्प्लिफायर, त्याला जोडलेला टेप किंवा रेकॉर्ड प्लेअर, आणि कॅसेटींचा खोका. हा दुकानात दिवसभर गाणी वाजवण्यासाठी बसवलेला सेट आहे. घरच्या टेपरेकॉर्डरपेक्षा त्याची जोडणी वेगळी असते. ती न समजता वीज दिली की चाळीस वर्षं टिकलेली मशीन अर्ध्या मिनिटात जळते.

हा लेख नव्यानं या नादाला लागलेल्यांसाठी आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या.

१. आधी ओळखा, समोर काय आहे

इंटरनेटवर शोधलं की अमेरिकेतली यंत्रं पुढे येतात. सीबर्ग कंपनीचं १९५९ सालचं ‘सीबर्ग १०००’ त्यात सगळ्यात प्रसिद्ध. त्याच्या तबकड्या ९ इंची, मधलं भोक २ इंचांचं, वेग मिनिटाला १६⅔ फेरे. थ्रीएम कंपनीचं ‘कँटाटा ७००’ टेपवर चालायचं, एका मोठ्या कार्ट्रिजमध्ये ७०० गाणी. यंत्रं सुरेख आहेत, पण आपल्याकडच्या माळ्यावर ती सापडणार नाहीत. कुणी बाहेरून मागवणार असेल तर एवढं लक्षात ठेवा: ती ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालतात. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरनं व्होल्ट कमी होतात, हर्ट्झ ५०च राहतात. सीबर्गची मोटर हर्ट्झवर धावते, म्हणून १६⅔ ऐवजी साधारण १३.९ फेरे होतात आणि गाणं जवळजवळ तीन अर्धस्वर खाली उतरतं. त्यासाठी पुली बदलावी लागते किंवा ६० हर्ट्झचा इन्व्हर्टर लावावा लागतो.

आपल्याकडे मिळतात ते तीन प्रकार:

- व्हॉल्व्हची मशीन. वजनदार, वर काचेच्या नळ्या, बहुधा ईएल८४ किंवा ईएल३४. सोबत चार वेगांचा रेकॉर्ड प्लेअर. आत ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतात. नवख्यानं ही एकट्यानं उघडू नये.
- ट्रान्झिस्टरची मशीन. मागे पंखांसारख्या पट्ट्यांचे ॲल्युमिनियमचे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे), त्यावर २एन३०५५ सारखे धातूच्या टोपीचे ट्रान्झिस्टर. आहुजाच्या मशीन या गटात खूप दिसतात. बऱ्याच मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात, त्यामुळे वीज गेली तरी दुकानातली गाणी थांबत नसत.
- कॅसेट डेक असलेली मशीन. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्यावरची. काहींना ऑटो रिव्हर्स असतो, म्हणजे गल्ला सोडून कॅसेट पलटायला उठावं लागत नाही.

शिकायला दुसरा किंवा तिसरा प्रकार घ्या.

२. कुठे शोधायचं, घेताना काय पाहायचं

कबाड्याकडे शेवटी जा. तिथे पोचेपर्यंत तांब्यासाठी ट्रान्सफॉर्मर काढलेला असतो. आधी जुनी कापड दुकानं, कृषी सेवा केंद्रं, एसटी स्टँडसमोरची हॉटेलं, रसवंत्या, सलून आणि मुख्य म्हणजे बिछायत केंद्रं (मंडप-लाउडस्पीकर भाड्यानं देणारी) पालथी घाला. बिछायतवाल्यांकडे जुन्या मशीन आणि भोंगे गोदामात वर्षानुवर्षं पडून असतात. दुकानाच्या नूतनीकरणाचं काम निघालं असेल तर लगेच जा. पीओपीची सीलिंग बसली की स्पीकरही गेले आणि वायरही गेली.

विचारायचं ते सरळ विचारा: “काकाजी, माळ्यावर जुनी गाण्याची मशीन पडली आहे काय? कॅसेटीसकट पाहिजे.” कॅसेटीसकट हे म्हणायला विसरू नका. लोक मशीन देतात आणि कॅसेटींचा खोका फेकून देतात. खरं मोल बरेचदा त्या खोक्यातच असतं, का ते सातव्या पायरीत येईल.

घेताना पाच गोष्टी पाहा:

- मशीन उचलून पाहा. आकाराच्या मानानं हलकी वाटली तर आतला ट्रान्सफॉर्मर गेलेला आहे.
- मागची पट्टी वाचा. कॉमन, ४, ८, १६ ओहम, ७० व्होल्ट, १०० व्होल्ट अशी टर्मिनलं दिसली तर सेट लाईनचा आहे, म्हणजे एकाच जोडवायरवर बरेच स्पीकर चालवणारा (सहावी पायरी पाहा).
- फ्यूज काढून पाहा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर मशीनमध्ये आधीच काहीतरी जळलेलं आहे असं धरून किंमत करा.
- जळकट वास, हीटसिंकवर काळे डाग, सुटलेला ट्रान्झिस्टर.
- स्पीकर छतावरून काढताना प्रत्येकाच्या मागच्या ट्रान्सफॉर्मरच्या कोणत्या टॅपिंगला (वॅट ठरवणाऱ्या जोडणीच्या टोकाला) वायर होती त्याचा फोटो. हा फोटो पुढे दोन दिवसांचं डोकं वाचवतो.

विकणाऱ्याकडून साध्या कागदावर पावती घ्या: तारीख, वस्तूचं वर्णन, मशीनचा नंबर, रक्कम, दोघांच्या सह्या. कॅसेटी दिल्याचं त्यात वेगळं लिहून घ्या. वस्तू शाळा, ग्रामपंचायत किंवा सहकारी संस्थेची असेल तर लेखी मंजुरीशिवाय हात लावू नका.

३. सामान

डिजिटल मल्टिमीटर, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, सोल्डर आणि डिसोल्डर पंप, स्क्रूड्रायव्हरचा संच, मऊ ब्रश, ब्लोअर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, १०० ओहम ५ वॅट आणि १० किलोओहम १० वॅटचे रेझिस्टर, दोन्हीला क्रोकोडाइल क्लिपा लावलेल्या. शिवाय सिरीज बोर्ड (मशीनकडे जाणारी वीज आधी एका बल्बमधून नेणारा), त्यासाठी ६० आणि १०० वॅटचे पिवळे तारेचे बल्ब. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. ८ ओहमचा एक जुना, खराब झाला तरी चालेल असा स्पीकर.

किरकोळ सुटे भाग अमरावती-यवतमाळला मिळतात. बेल्ट, कंडेन्सर, लाईन ट्रान्सफॉर्मर एका फेरीत हवे असतील तर नागपूरला सीताबर्डी गाठा, आणि नमुना सोबत न्या. नुसत्या फोटोवरून दिलेला बेल्ट बसत नाही.

४. वीज न देता उघडणं आणि साफ करणं

मशीन घरात घेण्याआधी अंगणात ठेवून चारी बाजूंनी ठोका आणि उलटी करून हलवा. माळ्यावरच्या डब्यात विंचू, कुंभारमाशीचं मातीचं घर आणि उंदरांनी कुरतडलेला कापूस हमखास निघतो. हातमोजे घाला, नुसती बोटं आत घालू नका.

प्लग बाहेर आहे ना ते पाहून झाकण काढा. मोठे फिल्टर कंडेन्सर शोधा, प्लग काढल्यावरही त्यांच्यात वीज साठून राहते. ट्रान्झिस्टर मशीनमध्ये ते साधारण २२०० ते ४७०० मायक्रोफॅरडचे असतात. त्यांच्या दोन टोकांना १०० ओहमचा रेझिस्टर पाच सेकंद लावा, मग मीटरनं शून्य झाल्याची खात्री करा. व्हॉल्व्हच्या मशीनला १० किलोओहमचा लावा. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून डिस्चार्ज करायची सवय लावून घेऊ नका. कंडेन्सरही जातो आणि डोळ्यालाही धोका.

जिनिंगच्या गावांतल्या मशीनमध्ये सरकीची बारीक लव तेलकट धुळीशी चिकटून हीटसिंकवर थर धरते. ती ब्लोअरनं निघत नाही, कोरड्या ब्रशनं खरवडा. हे केलं नाही तर मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, ट्रान्झिस्टर थंड व्हायला वावच राहत नाही.

मग नीट पाहा: फुगलेला किंवा गळलेला कंडेन्सर, काळा पडलेला रेझिस्टर, हिरवी चढलेली सोल्डर, तुटलेली वायर. तीस वर्षांपेक्षा जुने फिल्टर कंडेन्सर वरून चांगले दिसले तरी बदलाच. तेवढेच मायक्रोफॅरड, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, आणि १०५ अंशांचा प्रकार घ्या, ८५ चा नको. प्लस-मायनस उलटं बसलं तर कंडेन्सर फुटतो. काढण्याआधी फोटो घ्या.

दोन तारांची जुनी मेन कॉर्ड काढून तीन तारांची लावा आणि हिरवी तार चासीला (मशीनच्या पत्र्याच्या सांगाड्याला) स्क्रूनं घट्ट कसा. गावाकडे घरातलं आर्थिंगच बरेचदा नावापुरतं असतं, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

५. पहिल्यांदा वीज देणं

कधीही सरळ सॉकेटात घालू नका. सिरीज बोर्डमधून द्या: ट्रान्झिस्टरच्या ३० वॅट मशीनला ६० वॅटचा बल्ब, व्हॉल्व्हच्या मशीनला १०० वॅटचा. व्हॉल्यूम शून्यावर, ८ ओहमच्या टर्मिनलला तो जुना स्पीकर जोडलेला.

बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा आणि आधी आउटपुट ट्रान्झिस्टर, मग रेक्टिफायरचे डायोड मीटरनं तपासा. बल्ब अजिबात पेटला नाही तर फ्यूज, स्विच किंवा कॉर्ड तुटलेली आहे.

व्हॉल्व्हच्या मशीनला स्पीकर किंवा लोड जोडल्याशिवाय वीज देऊच नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडून तो जळतो, आणि तसा दुसरा मिळणं फार कठीण.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर कंट्रोलच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा. सतत घूं असा आवाज येत असेल तर फिल्टर कंडेन्सर किंवा आर्थिंग. व्हॉल्यूम शून्यावर असूनही घूं येत असेल तर बहुतेक कंडेन्सरच.

गावात व्होल्टेज संध्याकाळी १८० च्या खाली आणि रात्री २५० च्या वर जाऊ शकतं. मशीनला २२०/२४० चा सिलेक्टर असेल तर तो २४० वर ठेवा, नसेल तर स्टॅबिलायझर लावा. बॅटरीवर चालवताना प्लस-मायनस दोनदा तपासा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या जुन्या मशीनमध्ये बॉडीला प्लस असू शकतो.

६. स्पीकरची लाईन: सगळ्यात जास्त मशीन इथेच जळतात

घरच्या सेटमध्ये ॲम्प्लिफायरच्या दोन तारा सरळ ८ ओहमच्या स्पीकरला जातात. दुकानात आठ-दहा स्पीकर लांबलांब असतात, म्हणून ॲम्प्लिफायर आवाज १०० व्होल्टपर्यंत चढवून लाईनवर सोडतो आणि प्रत्येक स्पीकरमागचा छोटा ट्रान्सफॉर्मर तो पुन्हा खाली आणतो. गावातल्या पाण्याच्या टाकीसारखं आहे हे: दाब एकाच ठिकाणी चढवायचा, आणि प्रत्येक घरात नळ किती उघडायचा ते तिथेच ठरवायचं. तो नळ म्हणजे टॅपिंग. लाईनवर करंट कमी राहतो, म्हणून बारीक वायर पुरते. २४ वॅटला १०० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर, तेच ८ ओहमवर पावणेदोन अँपिअर.

हिशेब सोपा. सगळ्या स्पीकरांच्या टॅपिंगची बेरीज मशीनच्या वॅटच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा. ३० वॅटच्या मशीनवर ४ वॅटच्या टॅपिंगचे सहा स्पीकर, बेरीज २४. पुरे. सातवा लावायचा तर सगळे २ वॅटच्या टॅपिंगवर आणा. छोट्या दुकानात २ वॅट भरपूर होतात. गिऱ्हाईक आणि दुकानदार सहज बोलू शकले पाहिजेत, एवढाच आवाज हवा.

तीन चुका वारंवार होतात:

पहिली, ट्रान्सफॉर्मर नसलेला ८ ओहमचा स्पीकर १०० व्होल्टच्या टर्मिनलला जोडणं. त्या जोडणीत स्पीकर १२५० वॅट मागतो. मशीन ते देऊ शकत नाही, मग आवाज फाटतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. दुसरी, चार ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडून ८ ओहमच्या टर्मिनलवर लावणं. त्यांचं होतं २ ओहम. तिसरी, काही स्पीकर ७० च्या आणि काही १०० च्या टॅपिंगवर. १०० व्होल्टच्या लाईनवर ७० च्या टॅपिंगचा स्पीकर लिहिलेल्यापेक्षा दुप्पट वॅट ओढतो, त्यामुळे बेरीज चुकते, मशीनवर भार वाढतो आणि आवाजही सगळीकडे सारखा राहत नाही.

स्पीकरमागे ट्रान्सफॉर्मर आहे की नाही हे डबा न उघडता कळतं. मीटर ओहमवर ठेवून दोन तारा मोजा. ६-७ ओहम आले तर सरळ ८ ओहमचा स्पीकर. काही दहा किंवा शेकडो ओहम आले तर ट्रान्सफॉर्मर आहे. यावरून वॅट काढू नका. मीटर डीसी मोजतो, लाईनवर आवाजाचा एसी असतो. १०० व्होल्टवर ५ वॅटच्या टॅपिंगचा खरा भार २००० ओहम असतो, मीटर त्यापेक्षा खूप कमी दाखवतो.

जुनी वायर पुन्हा वापरायची असेल तर दोन्ही टोकं सुटी करून तारा एकमेकींशी आणि प्रत्येक तार आर्थशी मोजा. मीटरनं काहीही दाखवता कामा नये. काही दाखवलं तर वायर कुठेतरी कुरतडलेली किंवा ओली आहे, नवीन ओढा. मेनच्या वायरपासून ती एक फूट तरी लांब ठेवा. आणि गाणं चालू असताना लाईनच्या उघड्या टोकाला हात लावू नका, १०० व्होल्टचा झटका बसतो.

सगळे स्पीकर एकाच फेजमध्ये हवेत, म्हणजे प्रत्येकाचं प्लस टोक लाईनच्या त्याच तारेला. दोन शेजारचे उलटे जोडले गेले तर मधोमध उभं राहिल्यावर आवाज पोकळ येतो.

७. टेप आणि कॅसेटी

कॅसेट डेकमध्ये पहिल्यांदा जातो तो बेल्ट. उन्हाळ्यात रबर वितळून डांबरासारखं पुलीला चिकटतं. ते अल्कोहोलनं पूर्ण काढा, थोडं राहिलं तरी नवा बेल्ट घसरतो. मापासाठी दोरा पुल्यांभोवती फिरवून लांबी घ्या आणि तिच्यापेक्षा साधारण ५ टक्के लहान बेल्ट मागा. हेड (टेप वाचणारा भाग) आणि कॅप्स्टन (टेप ओढणारी फिरती दांडी) अल्कोहोलनं पुसा. टेप कॅप्स्टनवर दाबणारं रबरी चाक, म्हणजे पिंच रोलर, मात्र साबणाच्या पाण्यानं पुसा, अल्कोहोलनं रबर हळूहळू कडक होतं.

वेग तपासायला महागडी टेस्ट कॅसेट लागत नाही. एका टाकाऊ कॅसेटची टेप बाहेर ओढून ४ मीटर ७६ सेंटिमीटर अंतरावर पांढऱ्या मार्करच्या दोन खुणा करा. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, म्हणजे दोन खुणा हेडसमोरून जायला बरोबर १०० सेकंद लागले पाहिजेत. ९५ लागले तर वेग जास्त. मोटरच्या मागच्या छोट्या भोकात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून थोडं थोडं फिरवा.

आता तो खोका. सिनेमाच्या गाण्यांच्या छापील कॅसेटी जगात हजारो आहेत. पण त्यांच्या मध्ये हातानं लिहिलेल्या काही कोऱ्या कॅसेटी असतात: “पोळा सेल”, “बुधवार बाजार”, “बियाणे”. दुकानदारानं किंवा गावातल्या कुणा खणखणीत आवाजाच्या माणसानं वऱ्हाडीत, झाडीबोलीत बोललेल्या जाहिराती. त्या दुसरीकडे कुठेच नाहीत. तेव्हाचे भाव, तेव्हाची बोली, गावाची हाक मारायची पद्धत, सगळं तिथे आहे. मशीन दुरुस्त नाही झाली तरी चालेल, या कॅसेटी आधी वाचवा.

१. कॅसेटच्या मागच्या कडेवरचे दोन्ही प्लास्टिकचे दात आधी तोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी पुसली जाणार नाही.

२. खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती चांगल्या डेकमध्ये घालू नका. वेगळी ठेवा आणि जाणत्याकडून साफ करून घ्या.

३. टेपमागचा छोटा फेल्टचा तुकडा पाहा. स्पंजावर चिकटवलेला असेल तर तो स्पंज भुगा होऊन फेल्ट गळून पडलेला असतो, आणि आवाज मंद, घोगरा येतो. दुसऱ्या कॅसेटमधली पत्र्याच्या पट्टीवरची फेल्ट काढून बसवा. पाच स्क्रूंची कॅसेट उघडते. चिकटवलेली असेल तर दोन्ही चकत्या जपून स्क्रूंच्या खोक्यात हलवा.

४. एंडलेस कॅसेट निघाली, म्हणजे न थांबता तेच तेच वाजणारी, तर ती रिवाइंड करू नका. ती एकाच दिशेनं चालते, उलटी फिरवली की आतच गुंता होतो.

५. संगणकाला सिग्नल डेकच्या किंवा मशीनच्या लाईन-आउटमधून द्या. स्पीकरच्या टर्मिनलमधून कधीही नाही. १०० व्होल्ट लॅपटॉपमध्ये गेले तर लॅपटॉप संपला.

६. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, आवाजाची टोकं उणे ६ डेसिबलच्या आसपास. मोनोत तीस मिनिटांच्या एका बाजूला साधारण २६० एमबी लागतात. आवाज दबका येत असेल तर हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू किंचित फिरवून ‘स’ आणि ‘श’ सगळ्यात स्पष्ट येतील तिथे थांबवा. ऑटो रिव्हर्सच्या डेकमध्ये हे प्रत्येक दिशेला वेगळं करावं लागतं, म्हणून एकाच दिशेनं वाजवा आणि कॅसेट हातानं पलटा.

७. फाइलच्या नावात गाव, दुकानाचा प्रकार, अंदाजे साल लिहा. बोलणारा कोण, हे दुकानातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून घ्या. घरच्यांच्या परवानगीशिवाय आवाज पुढे पाठवू नका. एक प्रत त्यांना पेनड्राइव्हवर द्या.

रेकॉर्ड प्लेअर असेल तर एकच इशारा: ७८ फेऱ्यांच्या जुन्या काळ्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. किंचित ओल्या मऊ फडक्यानं पुसा. ७८ ची सुई आणि एलपीची सुई वेगळी असते, एलपीवर ७८ ची सुई ठेवली की खाच खरवडली जाते.

८. सेट पुन्हा दुकानात वाजवायचा असेल तर

दुकानात गिऱ्हाइकांसाठी ध्वनिमुद्रित गाणी वाजवणं हे कायद्यानं सार्वजनिक वाजवणं आहे. त्यासाठी हक्कधारकांचा परवाना लागतो. पीपीएल आणि आयपीआरएस या दोन संस्थांकडे चौकशी करा, कारण ध्वनिमुद्रणाचे हक्क आणि गीत-संगीताचे हक्क वेगळे आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. दुकानाच्या स्वतःच्या जुन्या जाहिरातीत मागे सिनेमाचं गाणं असेल तर तोही भाग त्यात येतो.

अर्जासाठी शॉप ॲक्टचा कागद, दुकानाचं क्षेत्रफळ, पॅन आणि जीएसटी असेल तर तो नंबर जवळ ठेवा. पावती दुकानातच फाइलला लावा.

भोंगा दुकानाबाहेर लावायचा तर लेखी परवानगी वेगळी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ बंद, आणि व्यापारी भागात दिवसा मर्यादा ६५ डेसिबल. आतल्या स्पीकरांचा आवाज शेजारच्या दुकानात स्पष्ट ऐकू येत असेल तर टॅपिंग एक पायरी खाली आणा. मशीनचा व्हॉल्यूम कमी करण्यापेक्षा हे बरं, कारण मशीनवरचा भारही कमी होतो.

बसवल्यानंतर पहिले आठ दिवस दर तासाला हीटसिंकला हात लावून पाहा. हात पाच सेकंद टिकत नसेल तर बेरीज पुन्हा करा, कुठेतरी एक स्पीकर चुकीच्या टॅपिंगवर आहे.